पोळ्याला धुतलेली गाडी

गाडीच्या कंपनीच्या धुळ्याच्या ऑफिसात साहेबांनी मला विचारलं, "नाना, गाडीला पुरणपोळी खाऊ घातली होती का तुम्ही?" तेव्हाच मी ओळखलं, आपला वॉरंटीचा दावा गेला.

घातली होती. खोटं कशाला बोलू? सावद्याजवळच्या आमच्या मळ्यात शेवटची बैलजोडी विकली त्या वर्षी पोळा आला, आणि बायको ओवाळणीचं ताट घेऊन रिकाम्या गोठ्यासमोर उभी राहिली. "आता ओवाळू कोनाले? तुमाले?" मी म्हटलं, मी आहेच, पण वर्षभर खरी राबते ती ही चारचाकी. केळीच्या खताच्या गोण्या हिच्यात, मजूर हिच्यात, लग्नाचं वऱ्हाड हिच्यात. एकदा तर हिच्यात इतके पाहुणे बसवले होते की उतरताना दोघं वेगळ्याच गावचे निघाले. तेव्हापासून पोळ्याला मान गाडीचा. विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाने तिला आंघोळ, आरशांना बेगड, बॉनेटवर गेरूचे पंजे, टपावर झूल, आणि शेवटी खापरावरची पुरणपोळी. आमच्याकडची पोळी एवढी मोठी की बॉनेटवर पसरली तर काच सोडून सगळी गाडी झाकली जाते.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. जळगावच्या शोरूममध्ये सर्व्हिसला आलेली गाडी ताब्यात घ्यायला एक पोरगेलासा माणूस होता. त्याची आई आमच्या गावची लेक, म्हणून मी त्याचा मामा. मामा म्हणायचा ते असं तोंड भरून, की ऐकणाऱ्याला वाटावं याला बारशात पाळण्यात मीच घातला. कंपनीची मूळ वॉरंटी संपत आली तेव्हा यानेच मला वाढीव वॉरंटी घ्यायला लावली. "मामा, कागदाकडे नका बघू. गाडीला काही झालं तर मी आहे." मी खरोखरच कागदाकडे बघितलं नाही. मी विकत घेतलं ते 'मी आहे'.

त्या पावसाळ्यात स्टिअरिंग जड व्हायला लागलं. जड म्हणजे किती? मला यावलला वळायचं असलं तर चोपड्यापासून जोर लावायला सुरुवात करावी लागायची. गल्लीतली पोरं माझे दंड बघून विचारायची, नाना, तालीम लावली का? पोळ्याला पंधरवडा असताना मी गाडी घेऊन जळगावला गेलो. भाचा स्वतः चाकावर बसला, नशिराबादपर्यंत जाऊन आला आणि मनगट चोळत म्हणाला, "मामा, स्टिअरिंगची मोटार जायला आलीय. वॉरंटीत बसतं, काळजी नको. पण आत्ता वर्कशॉपला श्वास घ्यायला जागा नाही. पोळा होऊ द्या, मग आणा. मी उभा राहून करून घेतो."

"लिहून घे ना बाबा कुठेतरी."

"मामा, माझ्यावर भरोसा नाही का?"

असं विचारल्यावर आमच्याकडचा माणूस काय करणार? मी फणीभर केळी त्याच्या टेबलावर ठेवली आणि पोळ्याचं जेवणाचं आमंत्रण देऊन परतलो.

पोळ्याला आला तो. मोबाइल काढून शूटिंग करायला लागला. मी चाकं धुतली, टप धुतला, तर म्हणतो, "मामा, बैलाची नुसती शिंगं धुता का? बॉनेट उघडा, पाठीवरही मारा पाणी! मारा, मारा!" मी मारलं. विहिरीवरची मोटार अशी की तिच्या धारेने एकदा समोरच्या शेतातलं बुजगावणं तापी ओलांडून गेलं होतं. भाचा हसत होता, शूटिंग करत होता, आणि मग पंगतीत बसून माझ्या बायकोच्या हातची पोळी दुधात कालवून असा जेवला, की तिने खापर पुन्हा चुलीवर चढवलं. निघताना मामीच्या पाया पडला.

चार-सहा दिवसांनी स्टिअरिंगने पुरती मान टाकली. ट्रॅक्टरने ओढत गाडी जळगावला नेली. थोड्या दिवसांनी निरोप आला, बाहेरून पाणी शिरल्यामुळे बिघाड, दावा नामंजूर. मी शोरूममध्ये जाऊन असा गरजलो की बाहेर उभ्या नव्या गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. भाच्याने मला बाजूला घेतलं. "मामा, हळू. धुळ्याला मोठे साहेब बसतात, त्यांच्याकडे तक्रार करा. मला बोलावतीलच. पोळ्याआधीच स्टिअरिंग गेलं होतं, मी स्वतः चालवून पाहिलं होतं, एवढं सांगितलं की झालं."

एवढंच सांगायचं होतं त्याला. एक वाक्य. माझं सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

मी एसटीने धुळ्याला गेलो. मांडीवर केळीची पिशवी. शेजारी पारोळ्याला चढलेला एक बाबा म्हणाला, "गाडी बिघडनी का भाऊ? साक्षीदार शे ना?" मी म्हटलं, "साक्षीदार घरचा शे." बाबा म्हणाला, "मंग बठ्ठं व्हई जाई." सगळं होऊन जाईल म्हणाला, म्हणून मी त्याला दोन केळी दिली.

साहेब सज्जन होते, हे मी मान्य केलंच पाहिजे. केळी घेतली नाहीत, पण पाणी विचारलं. माझं पुराण शांतपणे ऐकून घेतलं. मग जळगावहून बोलावून घेतलेल्या भाच्याला म्हणाले, दाखवा तो व्हिडिओ.

तेव्हा मला कळलं की व्हिडिओ त्यांच्याकडे होता. पोळ्याचा. त्यात मी, अंगात नुसती बंडी, डोक्याला फेटा, पाइप धरून उघड्या इंजिनावर पाणी मारतोय आणि ओरडतोय, "पी बाई पी! वर्षभर राबलीस!" ऑफिसातल्या बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. मीही हसलो असतो. पण मी वाट बघत होतो भाच्याच्या आवाजाची. तो आलाच नाही. व्हिडिओ 'मारा, मारा'च्या नंतर सुरू होत होता.

"साहेब," मी म्हटलं, "इंजिन उघडायला यानेच सांगितलं. पण ते सोडा. पाणी मारलं, कबूल. स्टिअरिंग त्याच्या आधी गेलं होतं. यानेच चालवून पाहिलं होतं. विचारा त्याला."

साहेबांनी विचारलं. अगदी सरळ विचारलं. "पोळ्याआधी यांनी गाडी दाखवली होती?"

भाचा माझ्याकडे बघत नव्हता. टेबलावरच्या काचेखाली कसलं तरी जुनं कॅलेंडर होतं, ते वाचत होता.

"नाही सर. कस्टमरने आधी तशी तक्रार केली नव्हती."

कस्टमर.

मला खूप बोलता येतं. माझं बोलणं ऐकून बाजारात लिलाव थांबतात. त्या दिवशी मात्र मी पिशवी उचलली आणि खाली आलो. बायकोचा फोन आला, "काय म्हने तो?"  मी म्हणालो, "तो मला कस्टमर म्हणाला."  ती म्हणाली, "जेवले का तुमी?"

संध्याकाळी भाच्याचा फोन. "मामा, समजून घ्या. तक्रार लिहून घेतली नाही हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

"मग हे मला आधी सांगायचं होतं," मी म्हटलं. "मी धुळ्याला आलोच नसतो. तुझ्या नोकरीसाठी मी ते स्टिअरिंग दातांनी फिरवलं असतं रे."

 मीच फोन ठेवला. गाडी शेवटी मी पदरमोड करून भुसावळच्या एका गॅरेजात नीट करून घेतली.

पुढच्या पोळ्याला सकाळी बायकोने विचारलं, "गाडी धुनार?" मी विहिरीवर गेलो, पाइप जोडला, मोटार चालू केली. बॉनेट उघडलं नाही. चाकांवर थोडं पाणी मारलं आणि आधी आजूबाजूला बघितलं, कुणी मोबाइल धरून उभं आहे का. माझ्याच मळ्यात, माझ्याच विहिरीवर.

आत बायकोने गेल्या पोळ्यासारखीच भाच्याच्या वाटणीची एक पोळी जास्त केली होती. खापरावरून उतरवली तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने ती दुधात कालवण्यासाठी काढलेल्या वाटीशेजारी ठेवली, आणि आम्ही दोघांनी ती वाटी तशीच राहू दिली.