रस्त्याकडचं वावर

माझ्या वहिनीचा मी अठरा वर्षं हेवा केला. गेल्या महिन्यात ती गेली. तिच्याबरोबर तोही जाईल असं वाटलं होतं. पण तेरवीच्या दिवशी बायका तिच्या आठवणी काढून रडत होत्या, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की माझ्यासाठी इतक्या बायका येणार नाहीत.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी हिंगणघाटला शाळेत नुकतीच लागले होते. मी लग्न केलं नाही. भाड्याच्या खोलीत राहायची आणि शनिवारी दुपारच्या बसनं गावी यायची. आमचं वावर रस्त्याला लागून होतं, चार एकर, काळ्या मातीचं, कापसाचं. बाबांनी मला शिकवलं, आणि शिकणाऱ्या मुलीनं उन्हात राबू नये म्हणून वावरापासून लांबही ठेवलं. मी धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, कडुलिंबाखाली बसून वाचत असे. वहिनी चौथी शिकलेली. पण आली त्याच वर्षी, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, हरळी कुठून शिरते, हे तिला बाबांच्या बरोबरीनं कळू लागलं. जेवताना बाबा तिच्याशी वावराबद्दल बोलत. मीही तिथंच ताट घेऊन बसलेली असे. मला ते शाळेचं विचारत, पाहुण्याला विचारतात तसं.

बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं लागली, दादाचं, मायचं आणि माझं. आमच्याकडे अशा वेळी बहीण भावाच्या नावानं हक्कसोड लिहून देते आणि लुगडं-चोळी घेऊन परत जाते. दादानं मला कधी तसं म्हटलं नाही. मीही आपणहून विषय काढला नाही. त्या वावरात वहिनीचं सगळं होतं, पण कागदावर तिचं नाव नव्हतं. माझं होतं. बसमध्ये बसल्या बसल्या मी कितीदा तरी याचं समाधान मानलेलं आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा, एका उन्हाळ्यात, शहरातून जीप घेऊन दोन माणसं आली. रस्त्याकडच्या पाच वावरांवर त्यांना लेआउट टाकायचा होता. प्लॉट, रस्ते, पाण्याची टाकी, पुढे सिमेंटची घरं. जो वावर देईल त्याला पैशांखेरीज एक बांधलेलं घर मिळणार होतं. आमचं वावर पाचांच्या मधोमध. वसाहतीचा मोठा रस्ता त्यातूनच जायचा होता, म्हणजे आमच्याशिवाय लेआउट होत नव्हता. आणि आमच्या तिघांच्या सह्यांशिवाय आमचं वावर जात नव्हतं. दादा म्हणाला, माय आणि बाई म्हणतील तसं. माय म्हणाली, पोरगी म्हणेल तसं.

शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. नकाशा वाचायला मला बसवलं.

"पांदण कुठं दावली हाय बाई?" शेजारच्या वावरवाल्या काकांनी विचारलं. पांदण म्हणजे वावरांकडे जाणारी बैलबंडीची वाट.

"पांदण नाही यात, काका."

"मंग माही बंडी का आभायातून जाईन?"

"आन या नव्या घरायचं सांडपानी?" दुसरे एक जण म्हणाले. "उताराले माहंच वावर हाय."

"तुले ओलिताले पानी पाह्यजेच होतं ना. घे आता बारा महिने," मागून कोणीतरी बोललं, आणि सगळे हसले. उतारावाले मात्र हसले नाहीत.

बौद्धपुऱ्यातली एक मावशी खांबाला टेकून उभी होती. दरवर्षी आमचा कापूस वेचायला तीच बायका घेऊन यायची. ती म्हणाली, "तुमचे वावरं तरी इकल्या जातीन. आमाले काय? आज कापूस येचतो, उद्या या नव्या लोकायच्या घरचे भांडे घासू. यासाठी का पोरीले मॅट्रिक केली?"

त्यावर कोणी हसलं नाही. मी नकाशाची घडी घातली.

गावाला लेआउट अडवायचा एक उपाय सापडला. कोणीतरी तालुक्याहून ऐकून आलं, की उभं पीक असलं तर मोजणी होत नाही. हे खरं होतं की नव्हतं, कोणी विचारलं नाही. मृगात लोकांनी इंच इंच पेरला. धुरे पेरले, पडीत पेरलं, आणि मोजणीवाल्याला पाय ठेवायला जागा राहू नये म्हणून भर पांदणीतही तूर पेरून टाकली. तूर अशी आली की बघत राहावं. कापूस फुटला तेव्हा कुठं लक्षात आलं, की आता आपल्याच बंड्या वावरात जात नाहीत. ज्या पांदणीसाठी भांडण मांडलं ती आपणच बुजवली होती. आणि तूर तर माघाशिवाय निघत नाही. त्या वर्षी सगळ्या गावानं कापूस डोक्यावर वाहिला.

दरम्यान जीपवाल्यांपैकी एक जण मला शाळेत भेटून गेला. सभ्य माणूस होता. म्हणाला, "मॅडम, दादांना घर मिळेलच, पण तुमचं नाव आहे तर तुम्हाला वेगळा प्लॉट. कोपऱ्याचा. लिंबाजवळचा." मी विचार करून सांगते म्हणाले. पण विचार करायला काही उरलं नव्हतं. त्या मातीत माझं घर होणार होतं. दारावर माझं नाव असणार होतं. आणि वहिनीला तिथून जाताना, आपण जिथं निंदण केलं तिथं नणंदेच्या खिडकीला पडदा लागलाय, हे पाहावं लागणार होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मी पडद्याचा रंगही ठरवला होता.

वहिनी लेआउटबद्दल एक शब्द बोलत नव्हती. बायका एकमेकींना डोळ्यांनी दटावत. "तिले काई इचारू नोका. तिचा जीव हाय त्या वावरात." मलाही तसंच वाटे, आणि मनातून बरं वाटे.

दिवाळीच्या आधी पहिली वेचणी निघाली. त्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, एका झाडाखाली खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, आणि घरच्या सुनेनं पहिलं बोंड वेचायचं. मग बायका कामाला लागतात. रविवार होता म्हणून मीही गेले. वहिनीनं सगळं केलं. तिच्या हातून ते इतकं सहज होत होतं की मी दुसरीकडे पाहत राहिले. मावशी म्हणाली, "बाई, तुमी पऱ्हाटीकडे पावा. पुस्तक नाई ते, पान उलटाले लागत नाई." बायका हसल्या, वहिनीही हसली.

दुपारी कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन आम्ही तुरीतून वाट काढत निघालो. मला सवय नव्हती. मान भरून आली तसं वहिनीनं माझं गाठोडं उतरवलं, आपलं उतरवलं, आणि आम्ही दोघी धुऱ्यावर बसलो. बाकीच्या पुढे गेल्या.

"बाई, तुमच्या खोलीत नळ किती वाजता येते?" तिनं विचारलं.

"सहाला. अर्धा तास."

"घरातच?"

"मोरीत."

पायातला काटा पाहिल्यासारखं करत ती म्हणाली, "मले ते घर पाह्यजे. नळवालं. सिमिटाचा ओटा, संडास. कोनाले सांगू नोका. लोकं म्हनतीन, हिले माती जड झाली."

"आणि वावर?"

"वावर का मी मागतलं होतं? आले तवा पुढ्यात होतं, करत गेले." मग ती हसून म्हणाली, "मले बसाले आवडते बाई. तुमी बसता तशी. तुमी लिंबाखाली बसल्या राहाच्या, मी निंदता निंदता पाहत राहो. मले वाटे, हे बाई काय नशीब घेऊन आली." आणि उठता उठता म्हणाली, "तुमी सही करान ना?"

मी म्हणाले, "बघते."

त्या रात्री मला झोप लागायला हवी होती. तिला जे हवं होतं, मला तेच हवं होतं. एक सही आणि दोघींना दोन घरं. पण मला दिसत होतं ते असं, की माझ्याकडे जे काही होतं, नळ, सावली, बसायला वेळ, ते आता तिलाही मिळणार. बाबा त्या वावराबद्दल तिच्याशी बोलले होते, ते तर तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. तिच्याकडे दोन्ही होणार होतं आणि माझ्याकडे खिडकीचा पडदा.

मी सही केली नाही. जीपवाल्याला सांगितलं, वडिलांची जमीन आहे, मन घेत नाही. त्यानं दोनदा येऊन पाहिलं आणि मग लेआउट नदीपलीकडच्या गावी गेला. आमच्या गावानं माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला. काका भाषणात म्हणाले, "शिकल्या पोरीनं वावर राखलं." बौद्धपुऱ्यातल्या मावशीनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या हातांत माझे हात होते, तेवढ्यापुरती मी खरोखर चांगली बाई होते. तिची भीती खरी होती, काकांचीही. माझ्या सहीवाचून त्यांचं भलंच झालं. फक्त ते मी त्यांच्यासाठी केलं नव्हतं.

वहिनी सत्काराच्या दिवशी सर्वांना चहा देत होती. मला कप देताना म्हणाली, "बरं केलं बाई. माहं काय, मी काईबी बोलते." तिच्या आवाजात राग शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नंतरची आठ-नऊ वर्षं शोधत राहिले. ती वावरात जात राहिली, विहिरीचं पाणी ओढत राहिली. शेवटच्या दोन वर्षांत गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नसे, तर ती वाकूनच निंदायची. पोटाचं दुखणं निघालं ते फार उशिरा कळलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी तिच्याजवळ अकरा दिवस होते. सही का केली नाही, ते दोन-तीनदा सांगायचं मनात आलं. ती म्हणायची, "बसा ना बाई, उभ्या काऊन?"

तेरवीला, बायका रडून थकल्यावर, मी मावशीला विचारलं, "वहिनी कधी त्या लेआउटमधल्या घराचं बोलली होती का तुमच्याजवळ?"

"कोन, ती?" मावशीनं डोळे पुसले. "नाई बाई. घर घेऊन काय करन ते? तिचा जीव वावरात होता. तुमी राखलं म्हनून तिले सुखानं राहता आलं."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. म्हणजे ते तिनं फक्त मला सांगितलं होतं. गावात इतक्या जणी तिच्या जवळच्या असताना, मलाच. मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण सांगितलं असतं तर ते त्या सगळ्यांचं झालं असतं. मी गप्प बसले, आणि पुढचं ताट वाढायला घेतलं.