सात दिवस कोण रांधत होतं?

परळच्या आमच्या रात्रशाळेत सगळ्यात धाकटा विद्यार्थी एकोणीस वर्षांचा आहे आणि सगळ्यात थोरल्याला नातू आहे. संध्याकाळी साडेसहाला कुरिअरवाले, वॉचमन, दादरच्या साडीच्या दुकानांतल्या मुली येतात आणि दिवसाच्या पोरांच्या बुटक्या बाकांवर कसेबसे मावतात. अशा शाळेला करी रोडच्या टॉवरमधल्या एका संस्थेने परीकथांच्या पुस्तकाच्या चाळीस प्रती भेट दिल्या, गुलाबी फीत बांधून. शाळा म्हटलं की तिथे चिमुकली मुलं असणार, एवढंच त्यांना ठाऊक.

चूक दाखवून द्यायचं काम हेडमास्तर गंगाधर सरांचं. पण फुकटचं ते पौष्टिक, हे त्यांचं शिक्षणशास्त्र. त्यांनी फर्मान काढलं की दहावीच्या प्रत्येकाने पुस्तक वाचून प्रतिक्रिया लिहायची, तिलाच मराठीचे अंतर्गत वीस गुण मिळणार, आणि एक प्रतिक्रिया संस्थेच्या लतिका मॅडमसमोर वाचली जाणार. वाचायला त्यांनी सरोजिनी परब यांना निवडलं. वयस्कर बाई फोटोत बऱ्या दिसतात म्हणे. मराठी मी शिकवतो. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

सरोजिनीताई लालबागच्या. वय सत्तेचाळीस. आई गिरणीकामगारांची खानावळ चालवायची. गिरण्या बंद पडल्या, खानावळही गेली, आणि ताई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागल्या. त्याला बावीस वर्षं झाली. कँटीनच्या इनचार्जला दहावीचा दाखला लागतो, म्हणून ज्यांना त्यांनी कणीक मळायला शिकवलं ती पोरं दाखल्याच्या जोरावर त्यांना हुकूम सोडतात. मागच्या वर्षी त्या मराठीत चार गुणांनी गेल्या. 'माझा आवडता ऋतू' या निबंधात त्यांनी एकच ओळ लिहिली होती, की कँटीनला खिडकी नाही. यंदा पास व्हायचं नाहीतर वह्या रद्दीत घालायच्या, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

त्यांची प्रतिक्रिया मी स्टाफरूममध्ये वाचली. ती अशी होती:

'पुस्तकात एकोणीस गोष्टी आहेत. चौदांमध्ये शेवटी लग्न आहे. लग्नात सात दिवस सगळं राज्य जेवलं असं लिहिलंय. कोणी रांधलं ते लिहिलेलं नाही. मी दिवसाला तीनशे पोळ्या लाटते म्हणून विचारते. राजकन्या रानात उपाशी हिंडते तरी तिचा रंग जात नाही. राजा अर्धं राज्य जावयाला देऊन टाकतो, त्या अर्ध्यातल्या माणसांना विचारत नाही. आमच्या चाळीचं असंच झालं. जी मुलगी सोसते आणि बोलत नाही तिला महाल मिळतो. माझ्या आईने तीस वर्षं सोसलं, तिला दमा मिळाला. ज्याने हे लिहिलं त्याला आयतं ताट मिळत असणार.'

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. अकरा वर्षांच्या मास्तरकीत मी इतकं खरं मराठी तपासलं नव्हतं. गंगाधर सरांना मात्र मिरच्या झोंबल्या. "हे मॅडमसमोर वाचणार? पुढच्या वर्षी पंखे मागायचेत आपल्याला! तिला सांगा, नवीन लिही. नाहीतर वीसपैकी भोपळा!" दाताच्या कवळीसारखं बोलणं होतं त्यांचं, हलत होतं पण चावत होतं.

मनातल्या मनात त्यांना चार शिव्या हासडून मी दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीनच्या मागच्या दाराशी गेलो. ताई डबा खात होत्या. मी ताकाला जाऊन भांडं लपवू लागलो. म्हणालो, लेखन उत्तम आहे, जरा सौम्य केलं तर बरं, सरांचं असं मत पडलं...

"मी खोटा लिवलंय काय, सर?"

"नाही हो. अगदी खरं आहे."

"मगे मार्क कोण देता? हेडमास्तर की तुमी?"

अंतर्गत गुण विषयशिक्षक देतो. माझ्याच सहीने जातात ते. पण माझी नेमणूक दर जूनला नव्याने होते आणि त्या कागदावर गंगाधर सर सही करतात. हे मी ताईंना सांगितलं नाही. मी म्हणालो, "शाळेचे काही नियम असतात, ताई."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. करपलेली पोळी बाजूला काढताना बघतात तसं. मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "बरां. लिवतंय."

शनिवारी संध्याकाळी लतिका मॅडम आल्या, बाई सज्जन, मऊ बोलणाऱ्या. इतके मोठे विद्यार्थी बघून क्षणभर गोंधळल्या, आणि मग म्हणाल्या, "वाचनाला वय नसतं!" टाळ्या पडल्या. सरोजिनीताई कडक इस्त्रीच्या साडीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी वाचलं, की पुस्तक छान आहे, चित्रं रंगीत आहेत, सोशिक माणसाला फळ मिळतं ही शिकवण सर्वांनी घ्यावी, संस्थेचे आभार. एकही चूक नव्हती. वाचताना चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. गंगाधर सर पंखे लागल्यासारखे वर बघत होते.

मॅडमना भरून आलं. "किती सुंदर! ताई, या गोष्टींतलं कोणतं पात्र तुम्हाला सगळ्यात जवळचं वाटलं?"

"जवळचा नाही वाटला कोणी," ताई म्हणाल्या. "पण ओळखीचा एक आहे. प्रधान."

"प्रधान? का बरं?"

"त्याला सगळं कळतं, मॅडम. राजा चुकतोय हे त्यालाच पहिलं कळतं. मग तो राजाचा निरोप घेऊन दुसऱ्याच्या दारात जातो." त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. "गोष्टीत राक्षस मरतो, राजा म्हातारा होतो. प्रधानाला कधी काही होत नाही."

मॅडम खळखळून हसल्या, वर्ग हसला, गंगाधर सरही हसले. मीही हसलो, कारण सगळे हसत होते.

कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या वहीवर मी वीसपैकी वीस घातले आणि सही केली. ताईंनी आकडा पाहिला, मागच्या वर्षी कमी पडलेले चार गुण त्यात भरून निघतात याची खात्री केली आणि वही पिशवीत टाकून निघून गेल्या. त्यांनी माझे आभार मानले नाहीत.