स्टेशनावरचे तांब्याचे कोंबडे

डिचोलीत समया घडवणाऱ्या सगुणला घाटाखालच्या जुन्या रेल्वे स्टेशनाचं काम मिळालं, तेव्हा त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला, पद्मावतीलाच जास्त आनंद झाला. पोर्तुगीज काळातल्या त्या इमारतीची डागडुजी चालली होती. छपराच्या दोन्ही टोकांना वाऱ्याची दिशा दाखवणारे तांब्याचे कोंबडे हवे होते. सगुणने मोर, हंस पुष्कळ घडवले होते, कोंबडा कधीच नाही. मग पद्मावतीने घरचाच कोंबडा मांडीवर दाबून धरला आणि सगुणने त्याचा तुरा, शेपटी कागदावर उतरवून घेतली.

"बेगीन करा ओ, हात सोललेन माजे!" ती हसत ओरडत होती.

कोंबडे असे जमले की बोट लावलं तरी गर्रकन फिरायचे. पण बसवायच्या दिवशी ठेकेदार म्हणाला, "फिरते नकोत. लोक फोटो काढणार. दोघांची तोंडं रस्त्याकडे कर आणि वेल्डिंग मार."

"मग वारा कसा कळायचा?"

"वारा कोणाला बघायचाय?"

सगुणला हुज्जत घालणं कधी जमलं नाही. त्याने वेल्डिंग मारलं.

"माका कधी दाखवतलात?" पद्मावती विचारायची. तिला खरं सांगायची त्याला लाज वाटे. चतुर्थी होऊंदे, मग शिरगावची जत्रा होऊंदे, असं करत त्याने वर्ष घालवलं. तेवढ्यात साखरेच्या आजाराने तिच्या डोळ्यांवर घाला घातला. गेलेली नजर परत येणार नाही, असं म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं.

त्यानंतर मात्र तो स्वतःहून तिला घेऊन गेला. फलाटावर वारा भणाणत होता, तिचा पदर खांद्यावर ठरत नव्हता.

"फिरतत मां?"

सगुणने वर पाहिलं. दोन्ही कोंबडे रस्त्याकडे टक लावून उभे होते.

"फिरतत गो."

"आता खंय बघतत?"

गालाला लागणाऱ्या वाऱ्याचा अंदाज घेत तो म्हणाला, "डोंगराकडे."

तिनेही डोंगराकडे तोंड केलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. सगुणला तिथे थांबवेना.

दुसऱ्या आठवड्यात तो कानस घेऊन एकटाच स्टेशनमास्तरांकडे गेला. "साहेब, मला वर चढू द्या. कोंबडे फुकट मोकळे करून देतो."

"ही आता वारसा इमारत आहे," स्टेशनमास्तर समजुतीने म्हणाले. "वरच्या परवानगीशिवाय खिळासुद्धा काढता येत नाही. तुम्ही आधी का नाही बोललात?"

सगुणने कानस पिशवीत टाकली.

घरी आला तर ओसरीवर पद्मावती शेजारच्या सरस्वतीला हात गोल फिरवून सांगत होती, वारा बदलला की कोंबडे कसे वळतात ते. सरस्वती म्हणाली, "सगुणदादा, येत्या आयताराक आमकां पण दाखवा."

"व्हरतले मगे," पद्मावतीनेच परस्पर कबूल करून टाकलं.

सगुण पायरीवरच बसला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण तिचा फुललेला चेहरा बघून त्याने नुसतंच पाणी मागितलं.