वाटूरची कासवआत्या

आमची आत्या माणसाला भेटली की आधी त्याच्या खांद्याकडे बघायची. चेहरा नंतर. जयभीम, नमस्कार, खुशाली हे सगळं त्याहूनही नंतर. लग्नात, बाजारात, वाटूरच्या फाट्यावर एसटीची वाट बघताना, समोरच्याचा खांदा नजरेनं तपासून झाल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. बायका पदर सावरून घ्यायच्या, पुरुष उगाचच सदरा झटकायचे. समुद्री कासवाला ओळखीची चिप टोचतात ती खांद्यात, पुढच्या वल्ह्यासारख्या पायाच्या मुळाशी, आणि आत्याचा अख्खा हंगाम कासवांचे खांदे बघण्यात जातो, हे त्या बिचाऱ्यांना कसं ठाऊक असणार?

आमच्या जालना जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर दिवस मोडतो. आत्यानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर, कोकणातल्या कासवांच्या प्रकल्पात नोकरी लागली तेव्हा. गावाला ही नोकरी काही केल्या पचेना. शेजारचे गंगारामकाका रोज कुंपणावर हात टेकून विचारायचे, "कासवं तं आपल्या दुधना नदीत बी हायेत. मंग इतक्या लांब कशाला जाऊन राह्यलीस?"

"ती गोड्या पाण्यातली, काका. माझी खारट पाण्यातली."

"मीठ टाकून भागत न्हाई का?"

आत्या न हसता उत्तर द्यायची. कुठलाही प्रश्न तिला मूर्खपणाचा वाटत नसे, ही तिची मोठीच अडचण होती. काकांशी ती अर्धा तास समुद्राच्या पाण्यावर बोलली. काकांची म्हैस तेवढ्यात आमच्या मेथीच्या वाफ्यात पोट भरून गेली.

सुट्टीत येताना ती सोबत स्कॅनर आणायची. दिसायला तो थेट भाकरीच्या उलथन्यासारखा. चिपजवळ नेला की 'टुई' करायचा आणि त्याच्या काचेवर लांबलचक नंबर उमटायचा. ओसरीवर बसून आत्यानं एकदा सगळ्यांना समजावलं, "चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. वरून काच. आत बॅटरी बी न्हाई. कासवाच्या अंगात ती गप पडून राह्यते. स्कॅनर जवळ नेला की आपला नंबर सांगते, बास. मंग कळतं, ही मागच्या साली आल्ती तीच मादी का दुसरी."

गंगारामकाकांनी विचारलं, "रिचार्ज कोण मारतं?"

आजी मात्र सुपारी कातरता कातरता म्हणाली, "म्हंजी इचारल्याबिगर एक शब्द बोलत न्हाई. तुझ्यापेक्षा शहाणी हाय."

आजीचा सगळा राग एवढाच होता, की पोरगी लग्नाला उभी राहत नव्हती. शेवटी तिनं निर्वाणीचं सांगितलं, "या खेपेला पाहुणे येतेन. जमलं तं कासवं बंद." आत्यानं त्यावर वाद घातला नाही. ती नुसती जेवेनाशी झाली. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं, की हा चेष्टेचा विषय नाही.

पाहुणे नवीन जालन्याचे. मुलगा बियाणं कंपनीत, अंगानं किरकोळ आणि बोलण्यात त्याहून किरकोळ. त्याचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. माणूस भट्टीसारखा रुंद. ते यायच्या आधी आई ताटात तांदूळ निवडत बसली होती. तिची करमणूक व्हावी म्हणून आत्यानं शाळेत दाखवायला आणलेली एक सुटी चिप तळहातावर घेतली आणि म्हणाली, "बघ वहिनी, हाय का फरक?"

त्याच क्षणी चुलीवर मिरचीची फोडणी पडली आणि आत्याला शिंक आली.

तळहात रिकामा. ताटात तांदूळच तांदूळ. आत्या स्कॅनर आणायला धावली. तो तिनं कपड्यांच्या तळाशी ठेवला होता. तो शोधून ती परत येईतो आजीनं तांदूळ धुऊन पातेल्यात ओतलेसुद्धा होते. उकळत्या पातेल्यावर स्कॅनर धरायला आजी काही केल्या तयार होईना. "त्या भातावरून यंत्र फिरवलंस तं बघ! पाहुणे दारात हायेत."

खरंच होते.

पंगत बसली. आत्या डोक्यावर पदर घेऊन वाढायला आली, आणि पदराआड उलथनं. एका हातानं वरण वाढायचं, दुसऱ्यानं प्रत्येक ताटावरून हळूच स्कॅनर फिरवायचा. मुलाचं ताट गप. त्याच्या आईचं गप. भाऊंनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता. त्यांचंही ताट गप. आत्या वाकून वरण वाढायला लागली, पदर सरकला, हात खाली आला, आणि भाऊंच्या पोटानं स्पष्ट आवाजात म्हटलं, 'टुई'.

सगळ्यांचे घास हातातच राहिले. आजीनं डोळे मिटून घेतले.

"हे काय वाजलं?" भाऊंनी विचारलं.

दुसरी कुणी असती तर फोन वाजला म्हणाली असती. आत्याला खोटं बोलता येत नसे. तिनं काचेवरचा नंबर नीट वाचून दाखवला आणि म्हणाली, "काका, तुमची नोंद झाली."

मग तिनं सगळं सांगितलं. काच आहे, फुटत नाही, विरघळत नाही, अपाय काही नाही. तरी डॉक्टरला विचारून घ्या. भाऊंनी पोटावर हात ठेवून ऐकून घेतलं.

"मंग निघंल कवा?"

"उद्या-परवा. आपसूक."

"बराबर?"

"बिलकुल. फक्त काका..." आत्या जरा अडखळली. "निघाली की फेकू नका. प्रकल्पाची हाय ती."

मुलाची आई ताटावरून उठली. मुलानं तिसऱ्या दिवशी निरोप धाडला, की हे स्थळ जमणार नाही. आजीनं भांडी आपटत दोन दिवस काढले. आत्यानं मात्र त्या संध्याकाळी तीन भाकरी खाल्ल्या.

पण भाऊंनी आम्हाला सोडलं नाही. आठवड्याभरानं ते स्वतः मोटारसायकलवर आले. डॉक्टरांनी 'घाबरू नका' म्हटल्याचं आणि चिप धुऊन, उकळून आणल्याचं त्यांनी दारातूनच जाहीर केलं. डबी आत्याच्या हातात देत म्हणाले, "पोराचं डोकं फिरलंय. इतकं खरं बोलणारं माणूस घरात आलं असतं तं आमचं कल्याण झालं असतं." मग चहा पिता पिता त्यांनी कासवांबद्दल इतकं विचारलं, की गंगारामकाका कुंपणावरून रुसून निघून गेले. त्यानंतर दर हंगामात भाऊंचा फोन ठरलेला. "आपल्यातलं कोण कोण आलं किनाऱ्यावर?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मागच्या हंगामात मी आजीला घेऊन आत्याकडे कोकणात गेले. आजी समुद्राला बघून एवढंच म्हणाली, "लई पाणी हाय." लेकीला घरी परत आणायचंच, असं ठरवूनच ती आली होती.

एका सकाळी आत्यानं आम्हाला हाका मारून किनाऱ्यावर नेलं. एक मादी उशिरा आली होती. उजाडलं तरी वाळूत अंडी घालत होती. आत्या वाळूत पालथी पडून वाट बघत होती. अंडी घालून झाली, मादी मागच्या वल्ह्यांनी खड्डा बुजवू लागली, तेव्हा आत्यानं रांगत जाऊन तिच्या खांद्याजवळ स्कॅनर धरला. नंबर आला. आत्यानं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि स्कॅनर वाळूत टाकून दिला.

"काय झालं गं?" आजी घाबरली.

"आई, माझ्या हातानं टोचलेली पहिली हाय ही. मला वाटलं, मेली."

मादी वाळू ढकलत पाण्याकडे निघाली. आजी तिच्या बाजूनं, अंतर राखून, पार ओल्या वाळूपर्यंत चालत गेली. लाटेनं कासव उचललं. आजी लुगडं भिजवून तिथेच उभी.

"बाळंतपणाला माहेरी आली अन् पाणी बी न घेता निघाली," ती म्हणाली. मग लाटेकडे बघत, "आता पुन्हा कवा येईल?"

"दोन वर्षांनी. कदाचित तीन. न्हाई बी यायची."

आजीनं लुगड्याचा ओला काठ पिळला.

"मंग तू इथंच राह्य," ती म्हणाली. "आली तं वळखणारं कुणी पाह्यजे की न्हाई?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच वाटूरला परतलो.