धडधड त्याचीही होती

मी प्रशिकवर जळायचो.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. अजूनही जळतो.

बाकीच्यांनी फोटो टाकले आहेत, खाली "दिलदार मित्र" लिहिलं आहे. खरंच असेल. माझ्याकडे लिहायला हे आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रशिक आमच्या हर्सूलच्या वस्तीतला निवेदक. भीमजयंती असो, साखरपुडा असो, कुणाचा सत्कार असो, माईक त्याच्याच हातात.

आणि तो जे बोलायचा ते मी लिहिलेलं असायचं.

मी गुलमंडीत एका फ्लेक्सच्या दुकानात मजकूर टाइप करतो. वेलांटी चुकलेली मला सहन होत नाही. प्रशिक संध्याकाळी दुकानात यायचा, स्टुलावर बसायचा.

"भावा, दोन पानं दे. जड शब्द नको टाकू."

मी द्यायचो. टाळ्या तो घ्यायचा. माझ्याच वाक्यांना पडलेल्या टाळ्या मी शेवटच्या रांगेत बसून ऐकल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, मग स्वतः बोलायचं.

दहावीचा गणिताचा पेपर होता. प्रशिक माझ्या मागच्या बाकावर. पेपर हातात आला आणि माझी छाती धडधडायला लागली. हात गार पडले. मला वाटलं, अटॅक आहे. अर्ध्या तासात पेपर देऊन बाहेर आलो.

दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन आहे."

"काही नाही" हे आम्ही कुणीच ऐकलं नाही. टेन्शन तेवढं घरी घेऊन आलो.

तेव्हापासून घरात नियम झाला, याला टेन्शन द्यायचं नाही. पुन्हा परीक्षा नको. सायकलवर चढ नको. बहिणीच्या लग्नातसुद्धा सगळे पळत होते आणि मला खुर्ची दिली होती, "तू बस."

मी पंचवीस वर्षांचा आहे. नऊ वर्षं मला बसवून ठेवलंय. मीही बसलो. छाती जरा जोरात धडधडली की नाडी मोजायची, पाणी प्यायचं, तिथून निघून यायचं.

प्रशिक त्याच पेपरात काठावर पास झाला.

मी समजायचो, त्याला भीतीच वाटत नाही. जन्मतःच तसा.

मग दोन वर्षांपूर्वीच्या जयंतीला मी स्टेजमागे त्याला पानं द्यायला गेलो. त्याने पानं घेतली आणि ती त्याच्या हातात फडफडायला लागली. वारा नव्हता.

मी म्हणालो, "अरे, तुला बरं नाही. कुणाला सांगू का?"

त्याने माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. धडधड माझ्यापेक्षा जास्त.

"लई धडधडायलंय ना?"

"व्हय."

"धडधडू दे. अंग कामाला लागलंय. ज्या दिवशी नाय धडधडत, त्या दिवशी कार्यक्रम पडतो माझा."

"गणिताच्या पेपरलापण?"

"त्या दिवशी तर लई. तू उठून गेलास, मला वाटलं तुझा सोडवून झाला."

आणि हसत स्टेजवर गेला.

त्या दिवशी मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला. त्याला भीती वाटत नसती तर मी सोडून दिलं असतं. एखाद्याची उंची जास्त असते, तसं. पण त्याच्याकडे तीच भीती होती जी माझ्याकडे. त्याने तिला कामाला लावलं. मी तिला दवाखान्यात नेलं.

मागच्या वर्षी पैठण रोडवर त्याची गाडी घसरली. जागेवरच गेला.

पुण्यानुमोदनाला विहारात सगळे दोन दोन शब्द बोलत होते. त्याची आई, आम्ही तिला माई म्हणतो, मला म्हणाली, "तू बोल. तुझ्याएवढं त्याला कोण ओळखतं?"

मी तीन पानं लिहून नेली होती. माझं नाव पुकारलं. छाती धडधडली. मी पानं शेजारच्याच्या हातात दिली, "बीपी वाढलंय" म्हणालो आणि चपला घालून बाहेर आलो.

तो शेजारचा प्रशिकला चार महिने ओळखत होता. जिममधली ओळख. त्याने माझी पानं वाचली. बरी वाचली. माई त्याच्या गळ्यात पडून रडली. मी खिडकीतून पाहिलं. त्याच्यावरही जळलो.

आज सकाळी माईचा फोन आला.

"आज तू बोलायचं."

"माई, माझं ते छातीचं..."

"आन् लिहून आणू नको. मागल्या टायमाला कागद दुसऱ्याच्याच हातात गेला."

म्हणजे ती पानं माझी होती हे तिला तेव्हाच कळलं होतं.

दुपारी विहारात, त्याच्या वर्षाच्या कार्यक्रमात, बोललो. कागद नव्हता. धडधड नेहमीएवढीच होती, पण नाडी मोजली नाही. माईक धरला आणि तोंडातून निघालं, "मी प्रशिकवर जळायचो."



पहिल्या रांगेतून माई म्हणाली, "ठाऊक व्हतं त्याला. म्हणायचा, जळणारा माणूस लिहिताना चूक सोडत नाय."

लोक हसले. मग गणिताच्या पेपरचं सांगितलं, स्टेजमागचं सांगितलं. दोनदा अडखळलो. एक वाक्य अर्धवटच राहिलं. शेवटपर्यंत धडधड थांबली नाही, आणि मला काही झालं नाही.

खाली आलो तर जयंती समितीचे काका म्हणाले, "यंदा निवेदन तूच कर."

मी हो म्हणालो. लगेच. घरी विचारतो, असंही म्हणालो नाही.

प्रशिक, खोटं लिहीत नाही. तुझी जागा मिळाली म्हणून मला बरं वाटलं. तू असतास तर ती मला कधीच मिळाली नसती, हेही कळतं. दोन्ही घेऊन घरी आलोय. जेवण जात नाही.

मित्रा, शेवटचा जय भीम.