एक भुवई झाली, दुसरी थांबली

धाकटीला गप्प बसवायचं तर तिच्या दातांत दोरा द्यावा, असं अख्खी गल्ली म्हणे. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातांत धरायचं आणि मान मागंपुढं करत ओढायचं. तोंड अडकलेलं, म्हणून पार्लरमध्ये येणाऱ्या बायका तिलाच टोमणे मारत. निम्म्या तर खास त्यासाठीच येत असाव्यात.

एके सकाळी तिची मान अशी धरली, की कुणी हाक मारली तर कमरेपासून वळावं लागे. नवरा म्हणाला, "उशी बदल." सासूबाई म्हणाल्या, "मोबाइल सोड." पार्लर थोरल्या जावेचं. तिनं निकालच लावला: "घरी बस आता. माझी भाची करेल तुझं काम." भाची महिनाभर दारात घुटमळत होतीच. दुखणं मानेचं, पण डोळा कुणाचा कशावर होता ते काय सांगायला हवं?

डॉक्टरांनी मान चाचपली. "हाडं ठीक आहेत, स्नायू आखडलेत. दिवसभर वाकून काय करता?"

"लोकांची तोंडं बघते."

"मग ती जरा वर घ्या! शेक द्या, मधेमधे थांबून मान हळूहळू वळवा. हाताला मुंग्या आल्या तर मात्र लगेच या."

तेव्हा धाकटीची ट्यूब पेटली. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना चढायला नको म्हणून जाऊबाईंनी खुर्चीचे पायच कापून घेतले होते. तिनं सुताराकडून भक्कम चौथरा करून आणला आणि खुर्ची वर चढवली.

"हे काय व्यासपीठ?" जाऊबाई कडाडल्या. "एक बाई जरी परत गेली ना, तर चौथरा बाहेर आणि तूही!"

नेमक्या तेव्हाच गल्लीतल्या वकिलीणबाई आल्या. "मी काय भाषण द्यायला आलेय?" म्हणत त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसल्या. जाऊबाई गालात हसल्या. धाकटीनं निमूट दोरा दातांत धरला. डावी भुवई कोरली, दोरा सोडला, मान सावकाश इकडे तिकडे वळवली.

"दुसरी वर होईल."

"म्हणजे?"

"तुम्ही खुर्चीवर चढलात की."

"आणि नाही चढले तर?"

धाकटीनं आरसा पुढं धरला. डावीकडे चंद्रकोर, उजवीकडे सुरवंट.

"अगं, माफी माग त्यांची!" जाऊबाई किंचाळल्या.

"भाचीला बोलवा की. लावते का बघा अर्ध्या कामाला हात!"

दारातल्या भाचीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

वकिलीणबाई करवादत वर चढल्या, बसल्या आणि दारातून बाहेर बघू लागल्या. "अगं बाई! इथनं तर समोरच्या शिंप्याचं आख्खं दुकान दिसतंय. ती कोण गं हसतेय एवढी?" भुवई झाली तरी बाई उतरेनात.

दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्चीसाठी भांडणं. आता चौथऱ्याची कल्पना आपलीच, असं जाऊबाई येईल तिला ऐकवतात. धाकटी दोरा दातांत धरून ऐकून घेते. पण दर भुवईनंतर ती दोरा सोडते, मान मोकळी करते आणि साचलेलं उत्तरही.

"आणि खुर्चीचे पाय कुणी कापले होते, जाऊबाई?"