उत्तमरावांची गुलाबी पावडर

उत्तमराव गेल्याचं कळलं तेव्हा मी परभणीत हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होते. फोन सुलोचनावहिनींचा होता. "बाई, हे गेले. पहाटं झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. माझा नंबर आला तेव्हा मी हयात असल्याची सही केली, स्टँडवर आले आणि सेलूची गाडी धरली. आज त्याला सहा आठवडे झाले. रडू तेव्हाही आलं नव्हतं, आत्ताही येत नाही. पण मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातला एक धडा मला या माणसाकडून शिकावा लागला, तो लिहून ठेवावा असं वाटलं.

सेलूत स्टेशनकडून बाजाराकडे जाताना उजव्या हाताला उत्तमरावांचं चष्म्याचं दुकान. पुढं फ्रेमा मांडलेल्या, मागं पडद्याआड काचा घासायची खोली. शिक्षण जेमतेम दहावीपर्यंत. परभणीत एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली राहून काच घासायला शिकले आणि गावी परत आले. आता काचा प्लास्टिकच्या येतात, तयार येतात. तेव्हा जाड काच आणून तिला नंबरप्रमाणं घडवावं लागे. घासून झाली की काच दुधासारखी पांढुरकी, आंधळी दिसे. मग फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल फिरत्या गादीवर पाण्यात कालवलेली फिकट गुलाबी पावडर सोडायची आणि काच तिच्यावर धरायची. हळूहळू तिच्यातून पलीकडचं दिसायला लागे.

मी तेव्हा सेलूच्याच शाळेत शिकवत होते. माझा चष्मा न्यायला गेले होते तेव्हा त्यांनी पावडरीचा डबा माझ्यापुढं धरला. "बाई, तुमी सायन्सच्या. ह्यात काय हाय ते सांगा. इतकी वर्षं हातानं वापरायलोय, पर माहीत न्हाई."

डब्यावर सिरियम ऑक्साइड लिहिलं होतं. सिरियम म्हणजे आवर्त सारणीच्या तळाशी दोन वेगळ्या ओळी असतात, त्यातल्या वरच्या ओळीतला धातू. त्या ओळी मी वर्गात कधीच शिकवल्या नव्हत्या. "हे परीक्षेत येत नाही," म्हणून पान उलटत आले होते. उत्तमरावांना मात्र तसं सांगता येईना. "वाचून सांगते," म्हटलं आणि खरोखरच आठवडाभर वाचलं.

मग एका रविवारी दुकानात बसून सांगितलं. सिरियम हा दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक. शुद्ध सिरियम राखाडी, चमकदार, आणि इतका मऊ की चाकूनं कापता येतो. हवेत उघडा ठेवला की काळवंडतो. खरवडला की ठिणग्या उडतात. लायटरच्या खड्यात तोच असतो, लोखंड आणि आपल्या भाऊबंद धातूंबरोबर. गाड्यांचा धूर कमी विषारी करणाऱ्या नळकांड्यात त्याचा उपयोग होतो, काचेचा पिवळसरपणा घालवायला होतो. आणि त्याचं ऑक्साइड काचेला नुसतं घासत नाही. पाण्याच्या संगतीनं ते काचेच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतं आणि सुटताना तिचा अतिसूक्ष्म थर घेऊन जातं. म्हणून त्याच्यासारखी झिलई दुसऱ्या कशानं येत नाही.

ते मन लावून ऐकत होते. "ह्याला दुर्मिळ म्हणतेत म्हणलात. म्हंजी लय थोडं असतंय?"

"नाव तसं पडलंय. जमिनीत जवळजवळ तांब्याइतकं आहे. पण एका जागी साठलेलं क्वचित मिळतं, आणि सोबतच्या धातूंपासून वेगळं काढणं फार किचकट."

"म्हंजी हाय सगळीकडं, पर हाती लागत न्हाई," ते म्हणाले... आणि काच पुन्हा गादीवर धरली.

पुढं ते माझ्या वर्गावर आले. खिडक्या लावून घेतल्या, लायटरचा खडा चिमट्यात धरला आणि कानस ओढली. ठिणग्यांचा झोत पाहून पोरी बाकांवर उभ्या राहिल्या. त्या वर्षापासून तळाच्या दोन ओळी मी शिकवायला लागले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ती गोष्ट घडली. बाहेरगावच्या एका नव्या व्यापाऱ्याकडून त्यांनी पावडर मागवली. महिनाभरानं एक शिंपी चष्मा घेऊन परत आला. म्हणाला, कापडावरची सरळ रेघ वाकडी दिसतीय आणि डोकं दुखतंय. उत्तमरावांनी काच उजेडाला धरली. तिच्यात लाट होती. ते तडक शाळेत आले, कागदाच्या पुडीत पावडर घेऊन. मी प्रयोगशाळेत तिच्यावर पातळ आम्ल टाकलं. सिरियम ऑक्साइड त्याला दाद देत नाही. ही पावडर मात्र फसफसली. चुनखडीच्या भुकटीची भेसळ होती. झिलई चढेना म्हणून ते काच जास्त वेळ, जास्त दाबून धरत गेले होते, आणि त्यातच तिचा आकार बिघडला होता.

"दोष तुमचा नाही," मी म्हटलं.

"हात माझाच ना, बाई. काच मला बोलायली होती, मीच ऐकलं न्हाई."

त्या पावडरीवर अकरा चष्मे झाले होते. दुकान बंद ठेवून ते गावोगाव फिरले. काहींना तर आपल्या चष्म्यात खोट आहे हे पटेना. जिंतूरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चांगला दिसणारा चष्मा काढून का नेता म्हणून दाराबाहेर काढलं, तर दुसऱ्या दिवशी ते नवा चष्मा घेऊनच गेले. असे दहा बदलले. राहिला तो भागाबाईचा. राणीसावरगावकडची मेंढपाळ बाई, चाळिशी उलटलेली. सुगीनंतर त्यांची मेंढरं आमच्या भागात शेतात खतासाठी बसायला येत. कोकराच्या पायातला काटा दिसत नाही म्हणून तिनं चष्मा करून घेतला होता. उत्तमराव तळावर पोचले तोवर मेंढरं हलली होती. ते एसटीनं राणीसावरगावला गेले. घराला कुलूप. पुढच्या वर्षी दुसरीच मेंढरं आली. "सापडली का?" असं मी दोन-चारदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.

शेवटची काही वर्षं साखरेनं त्यांच्याच डोळ्यांचा पडदा खाल्ला. माणूस आवाजावरून ओळखायचे. तरी मागच्या खोलीत बसायचे, काचेवरून अंगठा फिरवत. गादीच्या आवाजावरून झिलई कळते म्हणायचे. मला ती म्हातारपणाची समजूत वाटे.

गेल्या सोमवारी वहिनींनी मागची खोली आवरायला बोलावलं. यंत्राच्या खालच्या खणात जुन्या रुमालात बांधलेले चार चष्मे निघाले, चारहींवर एकाच नावाची चिठ्ठी : भागाबाई. पहिला दीड नंबरचा, मग पावणेदोन, मग दोन, मग अडीच. वय वाढतं तसा जवळचा नंबर वाढतो, म्हणून काही वर्षांनी ते नवा करत गेले होते. शेवटच्या चिठ्ठीवरची अक्षरं मोठी, एकमेकांवर चढलेली. लिहिताना त्यांना दिसत नव्हतं.

तो चष्मा मी टेबलावरच्या वर्तमानपत्रावर धरला, सावकाश इकडून तिकडे नेला. ओळी सरळ होत्या. कुठंही लाट नव्हती.

वहिनी दारात उभ्या होत्या. "जिंतूर रस्त्याला मेंढरं बसलीत म्हणे परवापासून," त्या म्हणाल्या. "दरसाल हेच जायचे इचारायला. औंदा कोण जाणार..."

मी अडीच नंबरचा चष्मा रुमालात गुंडाळून पिशवीत घेतला. वहिनींनी दुकानाला कुलूप लावलं, आणि आम्ही दोघी रिक्षा बघायला रस्त्यावर आलो.